मेलेल्या अण्णाशी अबोला

१२ नोव्हेंबर, बुधवार

आरोग्य उपकेंद्राच्या रक्षिताबाई आज रक्तदाब मोजून गेल्या. वरचा एकशे सत्तर, खालचा शंभर. म्हणाल्या, "अण्णा, मनात लई ठेवून घेतलाय तुमी. कुणाशी तरी बोला, न्हाई तर लिहून काडा." बाई हावेरीकडची, घरची बोली कन्नड. तिच्या तोंडी क्लीनरपासून कलेक्टरपर्यंत सगळे अण्णाच. तरी मी दचकलो. आमच्या घरात अण्णा एकच होता आणि त्याला जाऊन आज दहा दिवस झाले.

डेपोतून रिटायर होताना मिळालेली डायरी कोरी पडली होती. छापील तारखा जुन्या सालच्या आहेत, त्या खोडून लिहितोय. बत्तीस वर्षं तिकिटं फाडली, त्यामुळे अक्षर बरं आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की मला दुःख वगैरे काही झालेलं नाही. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ परशुराम. त्याच्याशी मी साडेअकरा वर्षं बोलत नव्हतो. घर एकच, पडवी एकच. उजवीकडच्या खोल्यांत तो आणि गिरजावहिनी, डावीकडे मी. लग्नाचं माझं वय दांडेली ते आमचं गाव गुंद आणि पुढं उळवी, ह्या फेऱ्यांत निघून गेलं, त्यामुळे जेवण वहिनींच्या हातचं, ताट मात्र माझ्या बाजूला. आता ज्या माणसाशी आपण बोलतच नव्हतो तो गेला, तर आपलं कमी काय झालं? रक्तदाब लोणच्यामुळे असेल.

१३ नोव्हेंबर

परवा दहावा झाला, ते लिहायचं राहिलं.

अण्णाला मुलगा नाही, एक मुलगी सोनाली, ती रामनगरात दिलेली. म्हणून अग्नी मी दिला, ओढ्याकाठी पिंडही मीच ठेवला. समोर ऐनाच्या झाडावर चार कावळे बसलेले. एकही खाली येईना. सोनालीनं हात जोडून सांगितलं, "आप्पा, आईला मी बघते." कावळ्यांनी पंख साफ केले. वहिनींनी सांगितलं, "गाय इकणार न्हाई." एका कावळ्यानं पाठ फिरवली. जावई सूरज पुढं होऊन काहीतरी पुटपुटला, त्याच्याकडे तर कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग शेजारची फुलाआक्का म्हणाली, "दत्तू, तू बोल. तुज्यासाटी अडलाय त्यो."

सगळं गुंद माझ्याकडे बघायला लागलं. भर बशीत साठ माणसांना एका दमात मागं सारणारा मी, पण तोंड उघडलं तर आत वाळवंट. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. शास्त्रात चालतं म्हणे. गावात चालत नाही. परत येताना मागून ऐकू आलं, "उसना कावळा."

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल तेरावं. जेवणाच्या पंगतीत मला तिघांनी विचारलं, अबोला कशावरून होता? जसं काही गावाला ठाऊक नाही.

सोनालीच्या लग्नाची बोलणी होती. रामनगरची मंडळी आलेली. मी डबल ड्युटी करून खाकीतच आत शिरलो. मुलाचे वडील बाकावर असे ऐसपैस पसरलेले आणि दोन बायका उभ्या. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "ओ, मागं सरका. दोघांच्या सीटवर एकटं काय बसलाय? बाईमाणसास्नी जागा द्या." तेव्हा अण्णा सर्वांसमोर म्हणाला, "दत्तू, सुम्म बस."

सुम्म म्हणजे गप्प. शब्द कन्नड, पण रागवायची वेळ आली की आम्हाला कन्नडच बरं पडतं. मी सुम्म बसलो. थोरल्या भावाची आज्ञा होती. पुढं त्यानं "आता बोल" असं कधी म्हटलं नाही, म्हणून मी बोललो नाही. सोयरे सरकले, लग्नही जमलं, आणि सूरज आज तो किस्सा लोकांना हसत हसत सांगतो. म्हणजे नुकसान झालं ते फक्त माझं.

अडचण तशी काही आली नाही. अण्णाला काही सांगायचं असलं की मी पडवीतल्या खांबाला सांगायचो. "पंप चालू राहिलाय, कुणाच्या बापानं बंद करायचा?" खांबाला कळवलं की अण्णाला कळलंच. पुढं पुढं तर मी बोलायला लागलो की हा माझ्याकडे बघून मान हलवायचा, हसायचासुद्धा. चिडवायला.

बशीत चढला की मी न विचारता गुंदचं तिकीट फाडायचो आणि गुंद आलं की शिट्टी. एकदा त्याला उळवीला जायचं होतं म्हणे, देवाला. मी गुंदला शिट्टी मारली, तो माझ्याकडे बघत बघत उतरला आणि पुढचं सगळं चालत गेला. तोंड नव्हतं काय त्याला?

१६ नोव्हेंबर

संध्याकाळी सात.

गेली पाच-सहा वर्षं अण्णाचा टीव्ही सातला लागायचा तो असा, की बातम्या ओढ्यापलीकडच्या म्हशींनाही कळाव्यात. मला छळायला, दुसरं काय. तसा तो शेवटी शेवटी फार घमेंडी झाला होता. मोबाईल वहिनींकडे टाकून दिला, "मला नको" म्हणून. भजनात टाळ वाजवायचा तो असा की मंडळी एकीकडे आणि हा दुसरीकडे. कुणी तरी बोललं, तर भजनच सोडलं. रस्त्याच्या मधून चालायचा, आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून दाबून हात दुखवला तरी बाजूला व्हायचा नाही. जसा काही रस्ता आमच्या आजोबांचा.

आता शांत आहे. चांगलं आहे. फारच चांगलं आहे.

सात वाजून दहा मिनिटांनी मी सहज पलीकडे गेलो. वहिनी गोठ्यात होत्या. टीव्ही लावला. अण्णाच्या खुर्चीत बसलो नाही, बाजूला उभा राहिलो. कानठळ्या बसल्या तेव्हा बरं वाटलं. गोठ्याचं दार वाजलं तसा इकडे पळालो. बंद करायचा राहिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवाचं निस्तरायला हवं होतं. वहिनी आज सकाळी पडवीत आल्या, चेहरा पांढरा. "भावजी, परवा टीव्ही आपापच लागला. साताला. त्यास्नी लागायचा तसाच."

मी खरं सांगणारच होतो. पण मग त्या विचारतील, तुम्ही तिकडे कशाला गेलात? म्हणालो, "वायरिंग जुनं हाय, वैनी."

फुलाआक्का कुंपणापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "वायरिंग न्हवं गं गिरजा. उसना कावळा शिवलाय न्हवं? अडकलाय परशू. दत्तू बोलंस्तवर हलायचा न्हाई त्यो."

वहिनी दिवसभर गाईला सोडून कुठं गेल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

आज ठरवून गेलो. आवाज कमी ठेवला, पाच मिनिटं ऐकलं, वहिनींची चाहूल लागताच बटण दाबून मागच्या दारानं सटकलो. रविवारची चूक आज नको, बंद करूनच निघालो.

वहिनींनी उंबऱ्यातून बघितलं ते असं, की टीव्ही चालू होता आणि त्यांना बघून आपोआप बंद झाला. हातातली दुधाची चरवी खाली पडली. आता वायरिंगचं कारणही चालण्यासारखं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सोनाली आणि सूरज आले. फुलाआक्कानं फोन केला असणार. सोनालीनं सगळं ऐकून घेतलं, आईच्या हातावर हात ठेवून बसली आणि मग माझ्याकडे वळली.

"काका, आईला ह्या घरात भ्या वाटतंय. दोन तारखेला आप्पांचं मासिक हाय. ते झालं की तिसऱ्या दिवशी, न्हाई, दुसऱ्याच दिवशी आईला रामनगरला नेते. गाय फुलाआक्का बघतील."

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"तुमचं जेवणाचं?"

"मला कुकर लावता येतो."

मला कुकर लावता येत नाही. सोनाली हळूच म्हणाली, "काका, एकदा आप्पांशी बोला तरी. त्यांच्यासाटी न्हाई, आईसाटी. आईला वाटतंय तुमी बोल्लासा म्हंजे ते सुटतील."

दुपारी रक्षिताबाई येऊन गेल्या. एकशे ब्याऐंशी. "लिहिताय न्हवं, अण्णा?" लिहितोय म्हटलं. "खरं खरं?" बाईला फार प्रश्न असतात.

२३ नोव्हेंबर

बोलायचं ठरवलं. एवढं काय त्यात? वहिनी राहतील, गाय राहील, कुकर विकत घ्यायला नको.

ओढ्यावर एकटाच गेलो, ऐनाच्या झाडासमोर उभा राहिलो. सुरुवात कशी करावी? "कसा आहेस?" मेलेल्याला विचारणं बरं नाही. "काय म्हणतोस?" म्हणाला असता तर इथं कशाला आलो असतो? बराच वेळ घसा खाकरला आणि तोंडातून आपसूक निघालं ते, "कुठं जाणार?"

बत्तीस वर्षांची सवय. पण प्रश्न ऐकून माझाच जीव घाबरा झाला. उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नसावं. तसाच घरी आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फुलाआक्काला माझा कालचा प्रकार कळला. (गुंदमध्ये ओढ्यावरसुद्धा माणूस एकटा नसतो.) ती म्हणाली, सराव कर. अण्णाचा टॉवेल डोक्याला गुंडाळून ती पडवीतल्या त्याच्या जागी मांडी घालून बसली. वय पंचाहत्तर, तोंडात पान.

"हां, मी परशू. बोल."

"अण्णा," मी म्हणालो.

"काय रं मुडद्या, आता याद झाली व्हय?"

"अण्णा असं बोलत न्हवता."

"बोलत न्हवताच तुज्याशी. तुला काय ठावं कसा बोलत हुता त्यो?"

हे खरं होतं. मी परत सुरुवात केली. "अण्णा, माझं काय चुकलं असंल तर..."

"असंल तर? असंल तर म्हंजे? आनि त्या साली माज्या परसातला फणस तूच उतरवलास न्हवं?"

"त्याचा हितं काय संबंध?"

"परशू सगळं बघतोय वरनं!"

फणस उतरवल्याचं मला कबूल करावं लागलं. अण्णाशी काही बोलणं झालं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रक्षिताबाई खरं खरं लिहा म्हणाल्या, म्हणून दोन गोष्टी लिहितो. कुणाला सांगितलेल्या नाहीत.

पहिली अशी. अण्णाशी मी एकदा बोललो होतो. अडीच वर्षांपूर्वी, एकतीस मे, मी रिटायर झालो तो दिवस. डेपोत हार घातला, नारळ दिला, साहेब माझं नाव चुकवून चार शब्द बोलले. घरी आलो. अण्णा परसात पाठमोरा बसून कोयता घासत होता. मला वाटलं, आता बास. कंडक्टर असताना मान होता, ताठा होता. आता कशाचा ताठा? गळ्यात हार तसाच होता. मागं उभा राहून म्हणालो, "अण्णा, झालो बघ रिटायर."

त्यानं मान वळवली नाही. कोयता घासत राहिला.

नऊ वर्षं साठवलेले चार शब्द होते ते. हार काढून गाईला घातला आणि त्या दिवसापासून ठरवलं, आता मरेपर्यंत नाही. कुणाच्या मरेपर्यंत ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. त्या रविवारी छातीत कळ आली तेव्हा दवाखान्याच्या गाडीत त्याच्याबरोबर मीच होतो. वहिनी पुढं ड्रायव्हरजवळ. कुळगीच्या वळणावर त्यानं माझं मनगट धरलं. दांडेली येईपर्यंत सोडलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काही बोलतोय का म्हणून बघावं तसा. मी काही बोललो नाही. धरणं म्हणजे बोलणं नव्हे, तेव्हा अबोला मोडला नाही, असं मी मनाशी म्हटलं. दवाखान्याच्या दारात त्याची बोटं सैल झाली.

मनगटाला काही झालेलं नाही, पण ह्या हातावर मी अजून घड्याळ बांधत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो, नाही तर माझंच मला खरं वाटायचं नाही.

दुपारी वहिनी ट्रंक भरत होत्या. नऊवारी लुगड्यांच्या घड्या, अण्णाचा एक शर्ट मध्ये. मी दारात उभा राहिलो आणि खांबाबिंबाला न सांगता सरळ म्हणालो, "वैनी, टीव्ही मी लावत हुतो."

त्यांचा हात थांबला. "तुमी?"

"व्हय. बंद पण मीच केला."

"का वो?"

"आवाज पायजे हुता."

मला वाटलं आता लुगड्यासकट ट्रंक अंगावर येते. त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला. हसतात की रडतात कळेना, दोन्ही असावं. "दोन हप्तं माज्या जिवात जीव न्हाई, आनि तुमी..." तेवढंच बोलल्या.

एकदा कबुली सुटली की माणसाला ब्रेक राहत नाही. मी रिटायरच्या दिवसाचंही सांगून टाकलं. "मी बोललो हुतो वैनी. त्यानंच मान वळवली न्हाई."

"कवा?"

"कोयता घासत बसला हुता. मागं हुबं राहून हाक मारली."

"मागं हुबं राहून?" वहिनींनी हातातलं लुगडं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी ऐकू येत न्हवतं."

मी म्हटलं, काय?

"सा वर्सं झाली हुती. आदी डावा कान गेला, मग उजवा. कुळगीच्या जंगल कॅम्पात वॉचमन हुते न्हवं तवा? रानात कान न्हाई त्यो वॉचमन कसला? कळलं तर काडून टाकतील म्हणून कुणाला सांगू दिलं न्हाई. सोनालीला पन न्हाई. मग काम सुटलं, तरी लाज. मला शपत घातली. म्हटले, दत्तूला तर मुळीच नको. त्यो कंडक्टर हाय. त्याला कळलं म्हंजे उद्या डेपोपतोर कळलं."

मला आधी ह्याचाच राग आला. माझ्यावर एवढाही भरवसा नाही? मग बाकीचं हळूहळू डोक्यात शिरायला लागलं. टीव्ही. हॉर्न. टाळ. उळवीला निघालेला तो माणूस, त्याला माझी शिट्टी ऐकूच आली नसेल, मी दार उघडलं म्हणून उतरला असेल.

वहिनींचं अजून संपलं नव्हतं. "आनि तुमी त्या खांबाशी बोलायचासा न्हवं? त्यास्नी तुमचं तोंड हललेलं दिसायचं. मला इचारायचे, दत्तू बोलाय लागलाय वाटतं माज्याशी. काय म्हणतोय गं?"

"मग?"

"मी म्हणायची, भाताचं इचारतोय. तुमच्या गुडघ्याचं इचारतोय."

"मी काय म्हणत असायचो?"

"पंप कुनाच्या बापानं बंद करायचा म्हणत असायचासा. पन ते खूश व्हायचे. मान हलवायचे. म्हणायचे, दत्तू निवळलाय गं आता, लई मायेनं बोलतोय."

मी ओसरीवर येऊन बसलो. अण्णाच्या बाजूनं अबोला सहा वर्षांपूर्वीच सुटला होता. मनगट धरून तो माझ्या तोंडाकडे बघत होता ते, रोजचं बोलणारं तोंड आज का हलत नाही म्हणून. साडेअकरा वर्षांतली निम्मी वर्षं हा अबोला मी एकटाच वाहत होतो, आणि तोही त्याला दिलेल्या शिव्यांनी त्याला आनंद देत.

आज मला रडू आलं. बराच वेळ आलं. भाऊ गेला माझा.

संध्याकाळी मी वहिनींना म्हटलं, "आता भ्या न्हाई न्हवं? मग कशाला जातासा?"

"भ्या गेलं," त्या म्हणाल्या. "पन हितं बोलायला कोन हाय मला?"

"मी हाय की."

"तुमी लाकडाशी बोलतासा भावजी. मानसाशी न्हाई." आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

१ डिसेंबर

उद्या मासिक. काय बोलायचं ते लिहून काढत होतो. तीन पानं फाडली. एकात माझा राग जास्त होता, दुसऱ्यात माफी जास्त होती, तिसरं माझं मलाच वाचवेना.

२ डिसेंबर, मंगळवार

ओढ्याकाठी भटजी, सोनाली, सूरज, वहिनी, फुलाआक्का आणि निम्मं गुंद. मासिकाला एवढी गर्दी होत नाही, पण उसना कावळा सगळ्यांच्या लक्षात होता. मी घास ठेवला. एक कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला. भटजींनी खूण केली, आता बोला.

मी हळू आवाजात सुरू केलं, "अण्णा..." आणि एकदम लक्षात आलं, ह्या आवाजात त्याला काय कळणार? म्हणून मग ज्या आवाजात मी मागच्या सीटवरच्याला पास विचारायचो, त्याच्या दुप्पट आवाजात ओरडलो.

"अण्णा! तुला ऐकू येत न्हवतं हे मला ठावं न्हवतं रं!"

कावळा उडाला. वरचे तिघंही उडाले. फुलाआक्काच्या तोंडातलं पान गिळलं गेलं. सोनाली आईकडे वळली, "आप्पांना ऐकू येत न्हवतं?" वहिनींनी डोळे मिटून घेतले. मला हे सगळं दिसत होतं, पण थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"खांबाशी बोलत हुतो ते मायेचं न्हवतं! वैनी खोटं सांगत हुती तुला! मी शिव्या घालत हुतो! उळवीचं तिकीट न इचारता गुंदचं फाडलं, ती माझी चूक! सोनालीच्या सासऱ्याला सरका म्हटलं ती माझी चूक न्हाई, ते बसलेच हुते तसं! मी रिटायर झालोय, अण्णा! भात कापून झालाय, औंदा बरा झालाय! गाडीत हात धरलास तवा मी बोलायला पायजे हुतं रं, काय बी बोलायला पायजे हुतं!"

सूरजनं मला धरून खाली बसवलं. पलीकडच्या शेतातली माणसं कापणी सोडून बांधावर येऊन उभी होती. घासाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. भटजींनी दर्भाला हात घातला, तेव्हा सोनाली रडत रडत म्हणाली, "राहू दे भटजी. कावळा काय, आज आख्ख्या तालुक्याला ऐकू गेलंय."

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी सात वाजता माझ्या जुन्या ड्रायव्हरचा डेपोतून फोन आला. "दत्ता, तुझा भाऊ बहिरा होता म्हणे? आधी सांगायचं न्हाईस का, मी किती हॉर्न मारले!" अण्णानं उद्या डेपोपतोर म्हटलं होतं. बरोबर एक दिवस लागला.

नऊ वाजता सूरजची व्हॅन दारात लागली. त्यानं ट्रंक उचलून आत ठेवली. वहिनींनी ती बाहेर काढायला लावली. सोनालीला म्हणाल्या, "मी न्हाई येत. सा वर्सं जपलेली गोष्ट ह्या मानसानं एका दिवसात वड्यावर जाऊन वरडली. ह्यास्नी एकटं सोडलं तर घरातलं आनि काय काय गावाला सांगतील, नेम न्हाई." व्हॅन दोन फणसपोळ्या आणि एक तांदळाचं पोतं घेऊन रामनगरला गेली. जाताना सोनाली माझ्या पाया पडली आणि उठताना हसत होती.

वहिनी राहिल्या, पण त्या क्षणापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दहा वाजता चहा आला, कप आदळला. अकराला मी अंगणात मुद्दाम खोकलो. बाराला त्या गाईला म्हणाल्या, "कुनाला भूक लागली असंल तर येऊन गिळावं." म्हणजे घरात अबोला परत सुरू. आमच्या घराण्याला तो चांगला जमतो.

मी ताटाची वाट बघत माझ्या बाजूला बसलो. बारा वाजून दहा मिनिटं झाली. सव्वाबारा. साडेअकरा वर्षांचं तेच परत सुरू होतंय असं वाटलं. उठलो, पडवी ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेलो. पाठीमागून नाही, वळसा घालून त्यांच्या समोर, चुलीशेजारी उभा राहिलो.

"वैनी, चुकलो. एवढ्या मोठ्यानं बोलायला नको हुतं."

त्या भात परतत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मोठ्यानं बोल्लासा त्याचं काय न्हाई भावजी. उशिरा बोल्लासा."

मी तिथंच पाट ओढून बसलो. त्यांनी दोन ताटं मांडली, एक माझं, एक त्यांचं, आणि आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. भात खालून करपला होता. ते मी तिथल्या तिथं सांगितलं.